शरीरातील लोहसाठा आणि मधुमेह

शरीरातील लोहसाठा आणि मधुमेह यांचा संबंध हा वैद्यकशास्त्र, पोषणशास्त्र आणि सार्वजनिक आरोग्य या तीन क्षेत्रांना जोडणारा अभ्यासविषय आहे. शरीरात लोहाचा प्रचंड अतिरेक झाल्यास मधुमेह होतो, हे एकोणिसाव्या शतकापासून ज्ञात आहे. लोहसाठा रोग म्हणण्याइतका वाढलेला नसून केवळ वरच्या पातळीवर असेल, तरीही प्रौढ वयात जडणाऱ्या टाइप २ मधुमेहाचा धोका अधिक आढळतो, असे १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या अभ्यासांतून पुढे आले. हा संबंध कितपत कारणाचा आणि कितपत केवळ सहअस्तित्वाचा, यावर संशोधकांत मतभेद आहेत.

भारतात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. येथे लोहाच्या कमतरतेने होणारा रक्तक्षय आणि टाइप २ मधुमेह हे दोन्ही विकार मोठ्या प्रमाणावर आढळतात, आणि अनेकदा ते एकाच कुटुंबात किंवा एकाच व्यक्तीतही असतात. त्यामुळे लोह सरसकट हितकर किंवा सरसकट घातक ठरवता येत नाही. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्ट्यासारख्या कामगारवस्तीत ही दुहेरी परिस्थिती ठळकपणे लक्षात येते.

## लोहाचा शरीरातील व्यवहार

प्रौढ मानवी शरीरात सुमारे ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातील बहुतांश भाग लाल रक्तपेशींतील हिमोग्लोबिनमध्ये असतो. उरलेल्यापैकी बराचसा भाग यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जा यांत फेरिटिन या प्रथिनाच्या रूपाने साठवलेला असतो. पुरुषांत हा साठा सर्वसाधारणपणे १ ग्रॅमपर्यंत, तर मासिक पाळी येणाऱ्या स्त्रियांत त्याहून बराच कमी असतो.

अस्थिमज्जेला नव्या रक्तपेशी घडवण्यासाठी दररोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह लागते. ते प्रामुख्याने जुन्या रक्तपेशी मोडून परत मिळवले जाते. आतड्यांतून रोज केवळ १ ते २ मिलिग्रॅम लोह शोषले जाते आणि जवळपास तेवढेच त्वचा व आतड्यांच्या झडणाऱ्या पेशींवाटे तसेच मासिक स्रावावाटे बाहेर पडते. अतिरिक्त लोह बाहेर टाकण्याची स्वतंत्र यंत्रणा मानवी शरीरात नाही. म्हणून समतोल राखण्याचा सारा भार शोषणाच्या नियमनावर पडतो.

हे नियमन यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक करते. साठा पुरेसा झाला की हेप्सिडिन वाढते आणि आतड्यांतील लोह रक्तात सोडणारे फेरोपोर्टिन हे प्रथिन निष्प्रभ होते. साठा घटला की हेप्सिडिन कमी होते आणि शोषण वाढते. शरीरात दाह असला तरीही हेप्सिडिन वाढते. मद्यपानाने मात्र ते दबते, आणि लोहशोषण वाढते.

## इतिहास

फ्रेंच वैद्य आर्मां त्रूसो यांनी १८६५ मध्ये यकृतकाठिण्य, त्वचेचा तांबूस-करडा रंग आणि मधुमेह एकत्र असलेल्या रुग्णाचे वर्णन केले. पुढे या स्थितीस ‘कांस्य मधुमेह’ असे नाव पडले. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश फॉन रेकलिंगहाउझेन यांनी १८८९ मध्ये अवयवांतील हे रंगद्रव्य लोहयुक्त असल्याचे ओळखून ‘हिमोक्रोमॅटोसिस’ ही संज्ञा रूढ केली. ब्रिटिश वैद्य जोसेफ शेल्डन यांनी १९३५ मध्ये हा विकार आनुवंशिक चयापचयदोष असल्याचे मांडले. त्यास कारणीभूत असलेले प्रमुख जनुक, एचएफई, १९९६ मध्ये सापडले. या जनुकातील जो बदल उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत सर्रास आढळतो, तो भारतात अत्यंत विरळ आहे.

चेकोस्लोव्हाकियातील व्हिलेम लाउफबर्गर यांनी १९३७ मध्ये घोड्याच्या प्लीहेतून फेरिटिन वेगळे केले. रक्तद्रवातील अत्यल्प फेरिटिन मोजण्याची पद्धत १९७२ मध्ये उपलब्ध झाली. तोपर्यंत लोहसाठा पाहण्यासाठी अस्थिमज्जेचा किंवा यकृताचा नमुना घ्यावा लागे. रक्ताच्या साध्या चाचणीवरून साठ्याचा अंदाज येऊ लागल्यानंतरच निरोगी लोकसमूहांत लोह आणि मधुमेह यांचा संबंध तपासणे शक्य झाले.

## संभाव्य यंत्रणा

लोह सहजपणे इलेक्ट्रॉन देते व घेते. प्राणवायूच्या वहनासाठी उपयुक्त असलेला हाच गुण लोह मुक्त अवस्थेत असल्यास अपायकारक ठरतो. हायड्रोजन पेरॉक्साइडशी त्याची अभिक्रिया होऊन अतिशय विध्वंसक मूलके तयार होतात. रसायनशास्त्रज्ञ हेन्री फेंटन यांच्या १८९४ मधील निरीक्षणावरून या अभिक्रियेस फेंटन अभिक्रिया म्हणतात. मधुमेहाच्या संदर्भात तिचे परिणाम मुख्यतः तीन ठिकाणी संभवतात.

स्वादुपिंड: इन्सुलिन स्रवणाऱ्या बीटा पेशींत अशा मूलकांपासून बचाव करणारी विकरे इतर अनेक पेशींच्या तुलनेत कमी असतात. त्यामुळे लोहाचा साठा वाढल्यास या पेशींना लवकर इजा होते आणि इन्सुलिनचे स्रवण घटते.

यकृत: यकृतात लोह साचल्यास इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो. ग्लुकोजची निर्मिती हवी तेवढी थांबत नाही आणि उपाशीपोटीची साखर वाढते.

मेदपेशी: लोहाच्या आधिक्यामुळे मेदपेशींतून स्रवणारे ॲडिपोनेक्टिन हे संप्रेरक कमी होते. हे संप्रेरक इन्सुलिनची परिणामकारकता वाढवणारे असल्याने त्याची घट इन्सुलिनरोधास पोषक ठरते.

हा संबंध उलट दिशेनेही चालतो. इन्सुलिनच्या प्रभावाने पेशींच्या पृष्ठभागावरील लोहग्राहक वाढतात. मेदयुक्त यकृत आणि दीर्घकालीन सौम्य दाह यांमुळे फेरिटिनची पातळी वाढते. म्हणून वाढलेले फेरिटिन हे काही वेळा इन्सुलिनरोधाचे कारण नसून त्याचा परिणाम असू शकते.

## साथरोगशास्त्रीय पुरावा

फिनलंडमधील पुरुषांच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, लोहसाठा अधिक असलेल्यांना मधुमेह होण्याची शक्यता दुपटीहून अधिक आढळली. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासात (२००४) फेरिटिनच्या सर्वांत वरच्या पंचमांश गटातील स्त्रियांना सर्वांत खालच्या गटाच्या तुलनेत सुमारे अडीचपट धोका दिसला. वजन, आहार, कौटुंबिक इतिहास आणि दाह यांचा प्रभाव वगळल्यावरही संबंध टिकून राहिला.

आठ युरोपीय देशांतील एका मोठ्या अभ्यासाने (२०१६) मात्र चित्र सरळ नसल्याचे दाखवले. त्यात अधिक फेरिटिनचा संबंध अधिक धोक्याशी होता, परंतु लोहवाहक ट्रान्सफेरिनची उच्च संपृक्तता असलेल्या स्त्रियांत धोका उलट कमी आढळला. म्हणजे लोहाचा वेगवेगळा मापदंड घेतला तर निष्कर्ष वेगळा निघू शकतो.

आहाराच्या अभ्यासांत तांबड्या मांसातून मिळणाऱ्या हीम लोहाचा संबंध वाढत्या धोक्याशी आढळला आहे. धान्य, कडधान्ये व भाज्या यांतील बिगर-हीम लोहाबाबत तसा सातत्यपूर्ण संबंध दिसत नाही. जन्मतःच लोहपातळी किंचित अधिक ठेवणारी जनुकरूपे असलेल्या लोकांच्या विश्लेषणातून लोहाचा मधुमेहाशी कारणात्मक, परंतु सौम्य संबंध असावा, असे संकेत मिळाले आहेत.

लोह कमी करून पाहणाऱ्या चाचण्यांचे निकाल संमिश्र आहेत. स्पेनमध्ये २००२ मध्ये, फेरिटिन जास्त असलेल्या टाइप २ मधुमेही पुरुषांचे दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा ५०० मिलिलिटर रक्त काढल्यावर त्यांचे साखर-नियंत्रण सुधारले. मेदयुक्त यकृताच्या रुग्णांवरील २०१५ मधील ऑस्ट्रेलियन चाचणीत मात्र रक्त काढल्याने इन्सुलिनरोध कमी झाला नाही. अमेरिकी पुरुषांच्या एका अभ्यासात नियमित रक्तदान आणि मधुमेहाचा धोका यांत संबंध आढळला नाही.

## थॅलेसेमिया आणि रक्तसंक्रमण

लोहामुळे मधुमेह होतो याचा सर्वांत स्पष्ट पुरावा भारतात थॅलेसेमिया मेजरच्या रुग्णांत मिळतो. या आनुवंशिक विकारात रुग्णास आयुष्यभर दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. लाल पेशींच्या प्रत्येक पिशवीतून सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीरात येते. निरोगी व्यक्ती तेवढे लोह शोषण्यास काही महिने घेते. हे लोह हृदय, यकृत आणि अंतःस्रावी ग्रंथींत साचते व किशोरवयात किंवा तारुण्यात मधुमेह उद्भवू शकतो. हा मधुमेह टाइप २ मध्ये गणला जात नाही. त्यात स्वादुपिंडाची इजा प्रधान असते.

भारतात सिंधी, पंजाबी आणि काही गुजराती समाजांत थॅलेसेमियाच्या वाहकांचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक आहे. फाळणीनंतर पिंपरी येथे सिंधी निर्वासितांची मोठी वसाहत वसली. आजही हा भाग ‘पिंपरी कॅम्प’ म्हणून ओळखला जातो. अशा वस्त्यांत विवाहपूर्व किंवा गरोदरपणातील वाहक-तपासणीचे महत्त्व मोठे आहे, कारण आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. या विषयातील संशोधनात मुंबईतील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेचा मोठा वाटा आहे. लोह बाहेर काढणाऱ्या औषधांत सुईवाटे दिले जाणारे डेस्फेरिऑक्सामिन आणि तोंडावाटे घेता येणारी डेफेरिप्रोन व डेफेरासिरॉक्स यांचा समावेश होतो. डेफेरिप्रोनला जगात सर्वप्रथम परवानगी १९९० च्या दशकात भारतात मिळाली आणि त्यावरील सुरुवातीच्या चाचण्यांत मुंबईतील डॉक्टरांचा सहभाग होता.

## भारत आणि महाराष्ट्र

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ या देशव्यापी पाहणीच्या २०२३ मधील अहवालानुसार भारतात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. प्रौढांतील प्रमाण ११.४ टक्के, तर मधुमेहपूर्व अवस्थेचे प्रमाण १५.३ टक्के आहे. दुसरीकडे, राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया आणि २५ टक्के पुरुष रक्तक्षयग्रस्त आहेत. महाराष्ट्रातही निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळतो.

पुण्यातील केईएम रुग्णालयाच्या मधुमेह विभागाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाने भारतीयांच्या मधुमेहाचे वेगळेपण पुढे आणले. पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत १९९३ मध्ये सुरू झालेल्या ‘पुणे मातृपोषण अभ्यासा’त येथील नवजात बालके सरासरी २.७ किलोग्रॅम, म्हणजे इंग्लंडमधील बालकांपेक्षा बरीच हलकी असल्याचे दिसले. तथापि, त्यांच्या शरीरातील स्नायू कमी असले तरी चरबी त्या मानाने टिकून होती. या ठेवणीस ‘बारीक-चरबीयुक्त’ भारतीय असे म्हटले जाते. याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण दिले होते. दोघांचा शरीरवस्तुमान निर्देशांक २२.३ इतकाच होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के होती.

लोहाच्या संदर्भात या ठेवणीला अर्थ आहे. वरवर सडपातळ दिसणाऱ्या व्यक्तीतही पोटात व यकृतात चरबी साचलेली असू शकते, आणि मेदयुक्त यकृतामुळे फेरिटिन वाढू शकते. त्यामुळे अशा व्यक्तीत फेरिटिन वाढलेले आढळले तर ते लोहाच्या अतिसेवनाचे लक्षण असेलच असे नाही.

पुण्यातच ग्रामीण, झोपडपट्टीतील व शहरी मध्यमवर्गीय मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत (२००६) सुमारे दोन तृतीयांश पुरुषांत जीवनसत्त्व ब१२ ची कमतरता आढळली. हा निष्कर्ष लोहाच्या चर्चेत महत्त्वाचा ठरतो. ब१२ च्या कमतरतेनेही रक्तक्षय होतो, परंतु त्यात लोहसाठा कमी नसतो, उलट वाढलेला असू शकतो. मधुमेहावरील मेटफॉर्मिन या औषधाच्या दीर्घ वापरानेही ब१२ घटते. अशा रुग्णास ‘रक्त कमी आहे’ एवढ्यावरून लोहाच्या गोळ्या देत राहिल्यास मूळ कमतरता तशीच राहते.

## पिंपरी-चिंचवड–चाकण औद्योगिक पट्टा

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना उभा राहिला. त्यानंतर आकुर्डी, भोसरी, चिंचवड आणि पुढे खेड तालुक्यातील चाकण येथे वाहन, सुटे भाग, ओतकाम व यंत्रनिर्मितीचे उद्योग विस्तारले. मराठवाडा, विदर्भ, खानदेश तसेच उत्तर व पूर्व भारतातून आलेला कामगारवर्ग येथे मोठ्या संख्येने राहतो. या पट्ट्यात लोह आणि मधुमेह यांचा संबंध पुढील घटकांमुळे विचारात घ्यावा लागतो.

पाळीचे काम: अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात (२०१५) पाळीत काम करणाऱ्यांना मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा सुमारे ९ टक्के अधिक आढळला. फिरत्या पाळ्यांत तो आणखी जास्त होता. झोपेचा बिघाड, रात्री उशिराचे जेवण आणि व्यायामाचा अभाव ही त्याची कारणे मानली जातात. मधुमेहाचे हे घटक लोहापेक्षा अधिक ठामपणे सिद्ध झालेले आहेत.

लोहधूर आणि लोहधूळ: वेल्डिंग, ग्राइंडिंग व ओतकामात लोहाचे सूक्ष्म कण श्वासावाटे फुप्फुसांत जातात. वेल्डरांच्या फुप्फुसांत लोह साचण्याच्या स्थितीचे, म्हणजे सिडेरोसिसचे, वर्णन १९३६ मध्ये झाले. युरोपातील काही पाहण्यांत वेल्डरांचे रक्तातील फेरिटिन इतर कामगारांपेक्षा अधिक आढळले आहे. तथापि, श्वासावाटे गेलेल्या लोहामुळे मधुमेह होतो असे सिद्ध झालेले नाही. वेल्डिंगच्या धुरात मँगॅनीज, क्रोमियम यांसारखे इतर घातक धातूही असल्याने धूर शोषून घेणारी यंत्रणा आणि योग्य मुखपट्टी यांची गरज मधुमेहाच्या प्रश्नाविनाही कायम राहते.

आहार आणि मद्य: ज्वारी, बाजरी, नाचणी, कडधान्ये आणि पालेभाज्या या पारंपरिक आहारात लोह असते, पण फायटेटमुळे त्याचे शोषण कमी होते. जेवणासोबतचा चहा ते आणखी कमी करतो. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व शोषण वाढवते. गावाकडून शहरात आल्यावर आहारात तळलेले पदार्थ, साखर व मैदा वाढतो, आणि शारीरिक श्रमांचे स्वरूप बदलते. नियमित मद्यपानाने यकृताची इजा व फेरिटिनची वाढ या दोन्ही गोष्टी होतात.

स्त्री कामगार: जुळणी, विद्युत सुटे भाग आणि वेष्टन विभागांत तरुण स्त्रियांचे प्रमाण लक्षणीय असते. त्यांच्यात लोहाची कमतरता हाच प्रमुख प्रश्न असतो. धाप, थकवा आणि कामातील एकाग्रता घटणे ही तिची नेहमीची लक्षणे आहेत. मधुमेहाच्या भीतीने अशा स्त्रियांचे लोह-उपचार थांबवणे अपायकारक ठरते.

पिंपरीतील महानगरपालिकेचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आणि चिंचवड येथील राज्य कामगार विमा योजनेचे रुग्णालय ही या पट्ट्यातील प्रमुख सार्वजनिक रुग्णालये आहेत. शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातर्फे २००२ पासून २२ गावांतील लोकसंख्येची आरोग्यविषयक नोंद ठेवली जाते.

## निदान आणि चाचण्यांचा अर्थ

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० मधील मार्गदर्शनानुसार निरोगी प्रौढांत रक्तातील फेरिटिन प्रतिलिटर १५ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असल्यास लोहाची कमतरता समजली जाते. स्त्रियांत १५० आणि पुरुषांत २०० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पातळी लोहाच्या अतिरेकाची शक्यता दर्शवते. संसर्ग किंवा दाह असताना फेरिटिन आपोआप वाढते, म्हणून अशा वेळी कमतरतेची मर्यादा ७० मायक्रोग्रॅम धरली जाते. फेरिटिन वाढलेले असल्यास ट्रान्सफेरिनची संपृक्तता, यकृताच्या चाचण्या, दाहाचे निर्देशक आणि मद्यपानाचा इतिहास एकत्र पाहून अर्थ लावला जातो.

लोहाची स्थिती मधुमेहाच्या निदानावरही परिणाम करते. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी एचबीए१सी ही चाचणी लाल पेशींच्या आयुष्यावर अवलंबून असते. लोहाच्या कमतरतेत तिचे मूल्य प्रत्यक्षापेक्षा अधिक येऊ शकते व लोह-उपचारानंतर ते खाली येते. थॅलेसेमिया, रक्तस्राव किंवा नुकतेच रक्त दिलेले असल्यास ते फसवे कमी येऊ शकते. रक्तक्षय असलेल्या व्यक्तीत म्हणून उपाशीपोटीची साखर किंवा ग्लुकोज सहनशीलता चाचणी अधिक विश्वसनीय ठरते. कारखान्यांतील सामूहिक तपासणीत केवळ एचबीए१सी वापरल्यास रक्तक्षयग्रस्त व्यक्ती चुकून मधुमेहपूर्व गटात गणली जाण्याची शक्यता असते.

## उपचार आणि प्रतिबंध

टाइप २ मधुमेहाच्या उपचारात रक्त काढणे किंवा लोह बाहेर टाकणारी औषधे देणे यांना मान्यता नाही. त्यांचा वापर हिमोक्रोमॅटोसिस, थॅलेसेमिया यांसारख्या सिद्ध लोहाधिक्यातच होतो. वजन व कंबरेचा घेर कमी करणे, नियमित व्यायाम आणि मद्यपान टाळणे यांनी मेदयुक्त यकृत सुधारते व वाढलेले फेरिटिनही बहुधा खाली येते.

लोहाची कमतरता सिद्ध झालेल्या मधुमेही व्यक्तीस लोह देणे आवश्यक असते. पुरुषांत आणि रजोनिवृत्तीनंतरच्या स्त्रियांत अशी कमतरता आढळल्यास पचनमार्गातील रक्तस्रावाचा शोध घेतला जातो. कमतरता नसताना ‘शक्तीसाठी’ दीर्घकाळ लोहयुक्त टॉनिक घेण्यास वैद्यकीय आधार नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशींनुसार लोहाची दैनंदिन गरज प्रौढ पुरुषांसाठी १९, स्त्रियांसाठी २९ आणि गरोदर स्त्रियांसाठी २७ मिलिग्रॅम आहे.

## मतभेद

केंद्र सरकारच्या ‘ॲनिमिया मुक्त भारत’ (२०१८) कार्यक्रमात गरोदर स्त्रियांना १८० दिवस दररोज ६० मिलिग्रॅम लोह व फॉलिक आम्लाची गोळी दिली जाते. सार्वजनिक वितरण व्यवस्थेतून लोहयुक्त संपृक्त तांदूळ पुरवण्याची घोषणा २०२१ मध्ये झाली. या धोरणाच्या समर्थकांच्या मते इतक्या व्यापक रक्तक्षयात व्यक्तिगत तपासणीची वाट पाहणे व्यवहार्य नाही. अनुरा कुर्पड आणि एच. पी. एस. सचदेव यांच्यासह काही संशोधकांनी मात्र, कमतरता नसलेल्या पुरुषांना व मुलांनाही त्यातून जादा लोह मिळते आणि त्याचा दीर्घकालीन परिणाम मधुमेहासारख्या आजारांवर होऊ शकतो, अशी शंका उपस्थित केली आहे. थॅलेसेमियाच्या रुग्णांसाठी असा तांदूळ योग्य नसल्याचेही निदर्शनास आणले गेले आहे.

गरोदरपणातील लोह-गोळ्यांमुळे मधुमेह वाढतो का, या प्रश्नावर हाँगकाँगमध्ये झालेल्या यादृच्छिक चाचणीत (२००९) दररोज ६० मिलिग्रॅम लोह घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या स्त्रियांत गर्भावस्थेतील मधुमेहाचे प्रमाण वेगळे आढळले नाही.  गरोदर स्त्रियांच्या लोह-पुरवठ्याबाबतची अधिकृत शिफारस त्यामुळे कायम आहे.

## हेही पाहा

* मधुमेह
* रक्तक्षय
* फेरिटिन
* हिमोक्रोमॅटोसिस
* थॅलेसेमिया
* जीवनसत्त्व ब१२
* पिंपरी-चिंचवड